गौराची सावड

"खाली बघू नको गं पोरी, समोर बघ. वाट पायांना ठाऊक असते."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरताना, सासूने मागून दिलेली ती हाक प्रतिक्षाला अजून ऐकू यायची. आणि अजूनही ती खालीच बघायची. डोक्यावर भाकऱ्यांची पाटी, हातात पाण्याची कळशी, कापलेल्या भाताचे खुंट घोट्याला टोचत होते आणि ती एकेक बांध जपून उतरत होती. खाली लक्ष्मणकाकांच्या खळ्यात झोडणी चालली होती. भाताची पेंढी दगडावर आपटली की धप्प असा आवाज निघे, समोरच्या डोंगरापर्यंत जाई आणि थोडा उशिरा, थोडा थकून परत येई.

जव्हारच्या बाजारात, वडिलांच्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत ती वाढली होती. खोडाळ्याच्या अलीकडचा हा पाडा तिच्या पायांना इतक्या वर्षांतही पुरता कळला नव्हता.

"आली, नर्सबाय आली," येसूकाकी म्हणाल्या. "विनोद, ठेव रं ती पेंढी. आधी पोट, मग भात."

विनोदने पेंढी ठेवली आणि बायकोच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. मोखाडा-खोडाळा रस्त्यावर त्याची प्रवासी जीप चाले. आज ती वर पिंपळाखाली उभी करून तो सकाळपासून इथे राबत होता. सगळे सावलीला आले. त्याची आई तेवढी आली नाही. गौराने हातातला भारा सोडला, पेंढ्या दगडाशी नीट रचल्या, पदराने मानेवरचं तूस झटकलं आणि मगच ती येऊन बसली. यंदा ती सगळीकडे अशीच शेवटी उठायची. भाताची रोपं लावायची आवणी झाली, कापणी झाली, आता झोडणी. एकही रान असं राहिलं नव्हतं, जिथे गौरा वाकली नव्हती.

पाड्यात सगळं काम सावडीवर चाले. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. त्यात मजुरी नाही की लिहून ठेवणं नाही. कोणाचा दिवस कोणाकडे आहे हे बायकांना पाठ असे आणि पुरुष त्यात डोकं घालत नसत.

"मग, नाशिकचं काय ठरलं?" लक्ष्मणकाकांनी भाकरी मोडत विचारलं.

सगळ्यांनी भाकरीत लक्ष घातलं. तेव्हा त्यांनीच ठरवायला घेतलं.

"नाशिक वाईट नाय. मी किती हंगाम द्राक्षात काढलं. छाटलेल्या काडीला पेस्ट लावून लावून बोटं जळायची, पण शहर वाईट नाय. फक्त येक हाय. आपण तिथं जगायला जातो. दिवाळी झाली का जायाचं, होळीला परत यायाचं. घराला नुसती कडी. कायमचं कुलूप घालून आपल्यातून कोण गेलंय?"

"आन् तिथं म्हणं दार लावून जेवतात," येसूकाकी म्हणाल्या.

"काकी, त्यात काय झालं?"

"काय झालं? इथं दार लावून जेवलं तर लोकं म्हणतील, आज यांच्यात मटण शिजलं."

सगळे हसले. प्रतिक्षाही हसली.

"कोंबडी पाळता येत नाय," काका म्हणाले. "कोंबडा आरवला का खालच्या मजल्यावरचा माणूस वर येतो."

"नळ आहे पण," प्रतिक्षा म्हणाली. "घरात. मे महिन्यातसुद्धा."

यावर येसूकाकींचा हात घोट्याकडे गेला. मे महिन्यात टँकर विहिरीत ओतला जातो तेव्हा काठावर हंड्यांची जी झुंबड उडते, त्यात मागच्याच उन्हाळ्यात त्यांचा पाय मुरगळला होता, आणि तो प्रतिक्षानेच बांधला होता.

"हां," काकी म्हणाल्या. "ते हाय."

"नळ आहे, आणि बाकी सगळं विकत आहे," विनोद म्हणाला. "कोथिंबिरीची काडीसुद्धा. इथे मला वळण न् वळण ओळखतं. हात दाखवायच्या आधी मला कळतं कोणाला कुठे उतरायचंय. तिथे मी कोण? गाडीचा नंबर." त्याने बोटाने चटणी पुसून घेतली. "ते जाऊ दे. मी आपलं बघीन. पण आई? आई हलायची नाही. बघताय ना तुम्ही, आवणीपासून कोणाचं रान सोडलंय तिने? मातीत जीव आहे तिचा. दाणा भरलेलं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर जगतं का?"

प्रतिक्षाने सासूकडे पाहिलं.

गौराने चटणीचा डबा पुढे सरकवला.

"घ्या लक्ष्मणभाऊ. बोंबील संपून जाईल," एवढंच ती म्हणाली. तिचे डोळे वरच्या रस्त्यावर होते. त्रिंबककडे जाणारी एसटी वळणावर दिसली, झाडाआड गेली, पुन्हा दिसली. गौराचा हात डब्यावर तसाच राहिला होता.

जेवण झाल्यावर प्रतिक्षा हात धुवायच्या निमित्ताने बाजूला गेली. नाशिकचं बरंवाईट तिला कोणी सांगायची गरज नव्हती. परिचारिकेचं शिक्षण तिने तिथेच घेतलं होतं. वसतिगृहात एकदा तापाने फणफणून दिवसभर पडली होती, तर शेजारच्या खोलीतल्या मुलीला चार दिवसांनी कळलं. इथे नुसती शिंकली तरी संध्याकाळपर्यंत दोन घरांतून पेज येते. पण तिथे कोणी विचारत नसतं, तू कोणाची सून, अजून पाळणा का हलला नाही, पंजाबी ड्रेस का घातलास. तिथल्या पाऊलवाटा सपाट होत्या आणि माणसं उंचसखल. इथे उलटं होतं.

आणि या सगळ्याच्या पलीकडे एक दार होतं.

सरकारी दवाखान्यात ती कंत्राटावर होती. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ आलं की त्याला रुग्णवाहिकेतून नाशिकला न्यावं लागे, आणि सोबत बहुतेक वेळा प्रतिक्षाच जाई. सगळा घाटभर त्या मुठीएवढ्या छातीवर दोन बोटं ठेवून बसायचं. गाडी वळली की बोटांखालची धडधड हरवायची, पुन्हा सापडायची. मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नवजात बाळांच्या विभागाचं काचेचं दार उघडे, आतल्या बाया बाळाला घेत आणि दार मिटे. ती बाहेर राहायची, रिकामं दुपटं हातात घेऊन. आत पुढे काय झालं ते कधी कळायचं, कधी कळायचंच नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी तिने त्याच दवाखान्यात मुलाखत दिली होती. परवा फोन आला. कायमची नोकरी, तोच विभाग, त्याच दाराची आतली बाजू. हो की नाही, ते उद्या सकाळपर्यंत सांगायचं होतं.

विनोद म्हणाला होता, तू जा, शनिवारी येत जा. भांडून म्हणाला नव्हता, म्हणून जास्त लागलं होतं. दोन घरं करून अर्ध्या आठवड्याचा संसार करायला ती तयार नव्हती. आणि सासूला ओढून न्यायला तर त्याहून नाही. सासरे गेल्यापासून ही बाई या उतारावर उभी आहे ती कशाच्या जिवावर, हे यंदा साऱ्या पाड्याने पाहिलं होतं.

खिशातला फोन थरथरला. नाव प्रांजलचं होतं, नाशिकमधली तिची मैत्रीण, जिने दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. आवाज तुटत होता. प्रतिक्षा वरच्या वळणावर गेली, तिथे फोनला रेंज मिळे.

"खोलीवाले विचारतायत गं. काय सांगू?"

"बहुतेक नाही जमणार."

"बहुतेक म्हणजे?"

"सासूबाई यायच्या नाहीत."

"त्या नाही म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला हवं? दिसतंच आहे."

"म्हणजे तू विचारलं नाहीस," प्रांजल म्हणाली.

प्रतिक्षाने खाली पाहिलं. खळ्यात गौरा सूप हातात घेऊन वाऱ्याचा अंदाज घेत उभी होती. इतक्या उंचावरून ती अगदी लहान दिसत होती, एखाद्या मुलीसारखी.

"संध्याकाळी सांगते," प्रतिक्षा म्हणाली. तिने फोन ठेवला आणि पुन्हा उतरायला लागली.

उन्हं कलली तसा दरीतून वारा आला. झोडणी थांबली आणि उपणणी सुरू झाली. गौरा आणि येसूकाकी समोरासमोर उभ्या राहिल्या. सुपं खांद्याच्या वर गेली, भात सोन्याच्या धारेसारखा खाली ओघळू लागला, फोल वाऱ्यावर निघून चाललं. विनोद आणि काका पेंढ्याचे भारे बांधत होते. प्रतिक्षा खळ्याच्या कडेला सांडलेले दाणे हाताने आत लोटत बसली. सुपाला ताल मिळाला तसं येसूकाकींनी गळा मोकळा केला.

"वारा गं सुटला, सूप माझं हाललं,
दाणा राहिला घरी, फोल दूर चाललं."

अशी ओळ टाकली की समोरचीने ती उचलायची. गौरा बराच वेळ नुसतीच पाखडत राहिली. सूप खाली झालं, पुन्हा भरलं, पुन्हा वर गेलं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली,

"फोल म्हणू नको बाई, वाऱ्याचं ते लेकरू,
डोंगर ओलांडून जाई, त्याचं होईल पाखरू."

येसूकाकींचं सूप हवेतच थांबलं.

"गौरा."

"हां."

"तुझ्या नागलीला मी आले होते का गं यंदा?"

"नाय."

"शेजारची मंगळी आली होती?"

"नाय."

"मग तुझी नागली कापली कोणी?"

"मी कापली. पोरानं भारं वाहिलं."

"आन् भात?"

"तसंच."

"कोणाला हाक नाय मारलीस?"

"एवढंसं तर रान. हाक कशाला?" गौराने सूप तिरकं धरून दोन खडे वेचले आणि फेकले.

येसूकाकी सूप कमरेला लावून पुढे आल्या. त्यांचा चेहरा चोर पकडणाऱ्यासारखा झाला होता.

"आवणीला तू आमच्यात तीन दिवस. मंगळीकडं दोन. खालच्या आळीला घरटी एकेक. तू सगळीकडं गेलीस न तुझ्याकडं कोणी नाय आलं."

"माझ्यावर होतं ते. यांच्या दुखण्यात दोन वर्सं तुम्हीच माझं रान उचललंत. मी खाटेपाशी बसून होते न तुम्ही माझं भात घरात आणून टाकलं." गौराने मान वर केली नाही. "ठेवायचं का तसंच?"

"नाय ठेवायचं. मी कुठं म्हणते ठेव. फिटलं का सगळं?"

गौराने रिकामं सूप उलटं करून त्याची पाठ थोपटली. अडकलेला एक दाणा खाली पडला.

"आज फिटलं," ती म्हणाली.

येसूकाकींनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग त्या हसायला लागल्या. आधी नुसतेच खांदे हलले, मग आवाज आला, आणि शेवटी त्या खळ्यातच मांडी घालून बसल्या.

"अवो, ऐकलंत का," त्यांनी नवऱ्याला हाक दिली. "इकडं या. गौराचं लगीन ठरलंय."

काका भारा टाकून आले. मागोमाग विनोद आला, त्याच्या केसांत पेंढा अडकला होता.

"काय झालं?"

"तुला काय कळणार, बाप्यांना कधी कळलंय," येसूकाकी डोळे पुसत म्हणाल्या. "अरं, आपल्यात पोरीचं लगीन ठरलं का त्या वर्षी ती काय करते? साऱ्या पाड्याची सावड फेडते. घेत नाय कोणाची, नुसती देते. दुसऱ्या गावाला जाताना मागं कोणाचा दिवस अंगावर ऱ्हाऊ नये म्हणून. मी फेडली तवा इथं आले. ही फेडून आली. आन् आता ही म्हातारी आवणीपासून घरोघर तेच करत हिंडतेय, न तू आम्हाला शिकवतोस, आईचा मातीत जीव हाय. आन् मी पण आंधळी. माझ्याच खळ्यात माझीच सावड फिटली तरी मला दिसलं नाय."

लक्ष्मणकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. वारा होता तरी कोणाचंच सूप उचललं जाईना.

प्रतिक्षाच्या ओंजळीत दाणे तसेच राहिले. आवणीपासून. तेव्हा तर नोकरीचा पत्ताही नव्हता.

"आई," विनोद म्हणाला. "खरं?"

गौरा वेणीतलं तूस काढत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?" गौरा म्हणाली. "जीपमध्ये बसेल त्याला सांगत सुटलास, आई हलायची नाय, आई हलायची नाय. मोखाड्याच्या बाजारात माझीच भाजीवाली मला म्हणाली, बरं केलंस गौरा, नको जाऊस. मग मी म्हटलं, एवढं गाव बोलतंय तर नसेल जायाचं मला."

काका खो खो हसले. विनोदला हसू आवरत नव्हतं. तो खाली बघून चावी बोटावर फिरवू लागला.

"आणि शेत?"

"मंगळीशी बोलले मी. अर्धेलीनं करील, अर्धं पीक तिचं, अर्धं आपलं. होळीला येऊ, आवणीला येऊ. जीप काय नुसती तिकडं उभी करून ठेवणार हायेस?" गौराने मुलाकडे पाहिलं, आणि तिचा आवाज जरा मऊ झाला. "भीती तुला वाटतेय विनोद. वाटू दे. तुझा बाप पहिल्यांदा नाशिकला जगायला निघाला तवा रात्रभर वळवळत होता. पण तुझी भीती माझ्या पदराला बांधू नको."

विनोदने चावी मुठीत मिटली. मग म्हणाला,

"घाटाची नाही वाटत मला. सिग्नलची वाटते."

"तिथं लाल दिसलं का थांबायचं," लक्ष्मणकाका म्हणाले. "एवढंच असतं. मी पायी जाताना पण थांबायचो. आन् आता द्राक्षाला आलो का रस्त्याकडंला पाल नाय ठोकायचा. हक्काचं घर झालं."

"दार लावून जेवत असतील ते," येसूकाकी म्हणाल्या.

"मी दार वाजवीन."

पुन्हा हशा झाला, आणि त्या हशातच कामाला हात लागले. राहिलेला भात भराभर उपणला गेला. मघाशी थकून येणारे आवाज आता डोंगर पट्टदिशी परत देत होता. विनोदने एकावर एक दोन भारे उचलले आणि चढावर निघाला. कशासाठी कोण जाणे, पण त्याने शीळ घातली. काका त्याच्या मागे गेले. येसूकाकी कणगीत भरायच्या पाट्या मोजायचं सोडून साऱ्या आळीला ओरडून सांगत सुटल्या की गौराचं लगीन आहे, आणि नवरदेवाचं नाव नाशिक आहे.

खळ्यात दोघीच उरल्या. गौरा खराट्याने खळं झाडू लागली. प्रतिक्षाने दाणे राशीवर सोडले आणि तिच्या हातातला खराटा धरला.

"आई, तुम्ही आवणीपासून मनाशी धरलं होतंत. तेव्हा तर मी नुसती मुलाखत देऊन आले होते. नोकरी लागली नसती तर?"

"लागणारच होती."

"कशावरून?"

"त्या वाडीच्या बाळाला घेऊन गेली होतीस ना, पहाटे परत आलीस ती. दोन बोटं अशी धरून झोपली होतीस." गौराने स्वतःची दोन बोटं हवेत ठेवून दाखवली. "तवाच म्हटलं, हिला कोण नाय म्हणेल."

प्रतिक्षाने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग मनात साचलेलं तिने एका दमात काढलं, कारण थांबली असती तर राहिलं असतं.

"पण माझ्यासाठी म्हणून सोडू नका हे सगळं. माझी नोकरी, माझं दार, आणि तुम्ही तिथे दोन खोल्यांत एकट्या बसून राहायचं. नळ असेल, दवाखाना जवळ असेल, पण ओवी उचलायला समोर कोणी नसेल. खालचे लोक सूप आपटलं तरी वर येतील. तुम्हाला करमणार नाही. पुढे मला त्याचं वाईट वाटत राहील, आणि तुम्ही कधी बोलून दाखवायच्या नाहीत. त्यापेक्षा मी आत्ताच प्रांजलला नाही म्हणून सांगते."

गौराने खराटा सोडला. तिने उताराकडे पाहिलं, विनोद दिसेनासा झाला होता. आळीकडे पाहिलं, येसूकाकींचा आवाज दूर गेला होता. समोर डोंगर होता, कडेला उन्हाची शेवटची कोर घेऊन बसलेला, आणि तिने त्याच्याकडे जरा पाठ केली, जशी बाई वडीलधाऱ्या माणसादेखत काही बोलायचं झालं की करते. मग ती सुनेच्या अगदी जवळ आली.

"तुझ्यासाठी कोण येतंय?" ती म्हणाली. "कंटाळा आलाय गं मला इथला. लई वर्सं झाली."